घरच्या केकचा हिशेब

आपल्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागात दरवर्षी हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती आणि 'आजचा तरुण कुठे चालला आहे?' या विषयांवर लेख येतात. आजचा तरुण कुठे चालला आहे हे मला विचाराल, तर गेल्या फेब्रुवारीत तो सायकलवरून गणपत गल्लीत खोबऱ्याचा कीस आणायला चालला होता. त्या किसाचा उपयोग सशाच्या अंगावर केस लावण्यासाठी व्हायचा होता, आणि तो ससा केकचा होता. विषय पोरकट वाटेल. पण त्या सशाने मला गेल्या दोन वर्षांत कॉस्टिंगच्या तासाला न समजलेली एक गोष्ट समजावून दिली, म्हणून संपादकांना गळ घालून ही पाने मागून घेतली आहेत.

माझी धाकटी बहीण दुसरीत आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. मी मराठी माध्यमाचा. आमच्या शाळेत वाढदिवस म्हणजे गणवेशाऐवजी नवा सदरा, बाईंच्या पाया पडणे आणि वर्गात प्रत्येकाला एक संत्र्याची गोळी, बाईंना दोन. धाकटीच्या वर्गात तसे नाही. तिथे वाढदिवस घरी होतो, मुलांना बोलावणे जाते, आणि केक कसा होता याची चर्चा आठवडाभर चालते. जानेवारीत तिच्या एका मैत्रिणीकडे आयाळ असलेला सिंह झाला. घरी येऊन धाकटीने जाहीर केले की, आपल्याकडेही प्राण्याचाच केक हवा.

मी कॅम्पातल्या एका बेकरीत चौकशी केली. दीड किलो, प्राण्याचा आकार, चौदाशे रुपये; निम्मे आगाऊ. घरी येऊन सांगितले. बाबा खडेबाजारात साडीच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी चष्मा पुसला आणि "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त धाकटीला अजून ठाऊक नाही. ती खुशीत झोपायला गेली. तेव्हा मी म्हणालो, "मी घरी करतो." आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "कर. पण कुकर जाळू नको."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ही बातमी मी आपण होऊन फोडली, ही चूकच झाली. एकाने तात्काळ मला 'वहिनी' अशी हाक मारली. ती पुढे पंधरा दिवस टिकली. त्याचे काही नाही. दुसऱ्याने संस्कृतीचा प्रश्न काढला: केक आपला नाही, मेणबत्त्या विझवणे आपले नाही, आणि आपण कॉन्व्हेंटवाल्यांच्या मागे किती धावायचे? तिसरा मात्र शांत स्वभावाचा, अभ्यासू मुलगा. तो म्हणाला, "हे बघ, घरचा केक म्हणजे आपल्याकडे पैसे नाहीत हे दहा पोरांना बोलावून सांगणं. त्यापेक्षा शिरा कर. शिऱ्याला कुणी नावं ठेवत नाही." हे वाक्य मला लागले, आणि त्या दिवशी माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

आधी संस्कृतीचा प्रश्न संपवतो, कारण तो सोपा आहे. केक बाहेरून आला हे खरेच. आपल्या देशातला पहिला केक १८८३ साली केरळात थलश्शेरीला मंबल्ली बापू नावाच्या बेकरीवाल्याने नाताळसाठी केला असे सांगतात. ब्राउन नावाच्या मळेवाल्या साहेबाने विलायती केकचा नमुना आणून दाखवला आणि बापूंनी तो इथल्या जिनसांत बसवला. पण गोडाचा प्राणी करून मुलांच्या हातात देणे ही काही साहेबाची अक्कल नव्हे. आमच्या मागच्या दारी एक कानडी अज्जी राहतात, मूळच्या धारवाडकडच्या. तिकडे कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे त्यांच्या गौरी हुण्णिमेला, 'सक्करे आरती' असते. लाकडाचे दुभागी साचे रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, दोन्ही भाग दोऱ्याने घट्ट आवळायचे, साखरेच्या पाकात थोडे दूध घालून मळी काढायची आणि पाक घोटत पांढुरका होऊ लागला की वरच्या भोकातून आत ओतायचा. थोड्या वेळाने साचा उघडला की हत्ती, घोडा, उंट, मोर बाहेर. अज्जींच्या फडताळात असे चार साचे अजून आहेत. मी विचारले, "अज्जी, या हत्तीचं मग काय करायचे तुम्ही?" त्या म्हणाल्या, "सोंड मोडून खायचो. आधी सोंडच." तेव्हा संस्कृतिरक्षक मित्राला माझे एवढेच सांगणे आहे की, हत्ती खाण्याच्या बाबतीत आपण साहेबाच्या मागे नाही.

आमच्या आजीला हे पटवणे मात्र सोपे गेले नाही. तिचा आक्षेप खाण्याला नव्हता, सुरी लावण्याला होता. हत्ती म्हटले तर गणपती, नको. उंदीर गणपतीचे वाहन. मोर सरस्वतीचा. बैल महादेवाचा, सिंह देवीचा, गायीचे तर नावच काढू नको. कासव सुचवले तर देवळात गाभाऱ्यापुढे काय असते ते आठव म्हणाली. मांजर वाढदिवसाला आडवे जायला नको. अशा रीतीने तेहतीस कोटी देवांनी सगळी जनावरे आधीच वाटून घेतलेली असल्यामुळे शेवटी ससा उरला. ससा चंद्रावर असतो, पण चंद्राने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे आजीच्या ऐकिवात नव्हते.

आणि खरे सांगायचे तर ससा मिळाला हे माझे नशीब. सशाच्या केकसाठी साचा लागत नाही. सात इंची दोन गोल केक करायचे. एक गोल म्हणजे तोंड. दुसऱ्या गोलावर तोच डबा उपडा धरून एका बाजूने एक कमान कापायची आणि समोरच्या बाजूने तशीच दुसरी. दोन बाजूंचे पानाच्या आकाराचे तुकडे निघतात ते कान, आणि मध्ये जो डमरूसारखा तुकडा राहतो तो गळ्यातला बो. गंमत अशी की, कमान त्याच डब्याने कापलेली असल्यामुळे बोची आतली वळणे आणि तोंडाची गोलाई एकाच मापाची असते. बो हनुवटीखाली जिथल्या तिथे बसतो. वाया काही जात नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर प्राणी सापडणार नाही.

आमच्याकडे ओव्हन नाही. बाहेरून झाकण बसणारा पाच लिटरचा कुकर आहे. त्याची रबरी रिंग आणि शिटी काढून ठेवायची, तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरायचे, वर जाळी ठेवून दहा मिनिटे कोरडाच तापवायचा. पाणी अजिबात नाही. एका केकला मैदा एक कप, कन्डेन्स्ड मिल्क अर्धा डबा, बटर पन्नास-साठ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, खायचा सोडा पाव चमचा, दूध अर्धा कप, चमचाभर व्हिनेगर, इसेन्सचे थेंब. अंडे नाही, कारण आजी. मैदा पडल्यावर फार घोटायचे नाही, नाहीतर केक चिवट होतो. मी पहिल्या वेळी दोन्ही केकचे पीठ एकदम भिजवले आणि निम्मे बाजूला ठेवले, हा अडाणीपणा झाला. व्हिनेगर आणि सोडा भेटले की वायू लगेच सुटू लागतो. तो तुमच्या कुकरसाठी थांबून राहत नाही. पाऊण तासाने दुसऱ्याची पाळी आली तोवर त्याचा जोर ओसरला होता. तो केक भाकरीसारखा बसला. त्याचे काप करून आम्ही दोन दिवस चहात बुडवून खाल्ले आणि मी तिसरा केक लावला.

ताज्या केकला सुरी लावू नये, भुगा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी कापला. मग बटर एक भाग आणि दळलेली साखर दोन भाग असे फेटून लेप केला. भिंतीला गिलावा करताना गवंडी पहिला पातळ हात मारतो तसा आधी पातळ हात द्यावा लागतो, म्हणजे सुटा भुगा त्यात अडकून बसतो. तो घट्ट झाल्यावर दुसरा. त्यावर खोबऱ्याचा कीस दाबला की ससा लोकरीचा दिसू लागतो. कानाच्या आतल्या बाजूला बिटाच्या रसात भिजवून वाळवलेला गुलाबी कीस. डोळे मनुकांचे, नाक चेरीचे, मिशा भाजलेल्या शेवयांच्या. कीस लावण्याचे काम धाकटीने केले. निम्मा सशाला लागला, निम्मा तिला.

एका गोष्टीचा विचार कुणी करत नाही, तो सांगून ठेवतो. तोंड सात इंच, वर कान, खाली बो, म्हणजे ससा दीड फूट लांब होतो. एवढे ताट घरात नसते आणि एवढा ससा फ्रिजमध्ये मावत नाही. बाबांनी दुकानातून साडीचा जाड पुठ्ठा आणला. त्यावर चांदीचा कागद चढवला. पण जुळणी अगदी शेवटी, पाहुणे यायच्या आधी तासभर करावी लागली. आणि घाईत उचलताना उजवा कान मधोमध मोडला.

घड्याळात चार वाजले होते. पाच वाजता मुले यायची. मी हातात अर्धा कान घेऊन उभा. धाकटीचा चेहरा बघवेना. ती रडली नाही, हळूच म्हणाली, "दादा, आपण त्यांना सांगूया का येऊ नका म्हणून?" सात वर्षांच्या मुलीला लाज कशाची वाटू शकते आणि ती किती आधीपासून वाटत असते, हे मला त्या एका वाक्यात कळले. अभ्यासू मित्राचे म्हणणे माझ्या घरात येऊन बसले होते.

आई मशीनवरून उठली. दोन ब्लाउज कापून ठेवलेले होते, ते बाजूला सारले. तिने कानाच्या दोन्ही तुकड्यांना आतून दाट लेप लावला, एकमेकांवर दाबून धरले, बाहेरून पुन्हा हात दिला, कीस चिकटवला. शिवण दिसू नये म्हणून कान थोडा दुमडल्यासारखा तिरका ठेवला. ससे असाच एक कान पाडून बसतात. कान सरळ होता तेव्हा तो ससा चित्रातला वाटत होता. आता खरा वाटू लागला. तेवढ्यात अज्जी मागल्या दाराने आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एनप्पा इदु, मोलानो कत्तीनो?" ससा की गाढव, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हणालो, "मोला, अज्जी." "कान बघून विचारलं," म्हणाल्या, आणि धाकटी हसली. पाच वाजता मुले आली.

आता हिशेब. मी हिशेब मांडला तो खरे तर मित्राला दाखवण्यासाठी. मैदा १५ रुपये, कन्डेन्स्ड मिल्क १४५, बटर १८०, साखर २०, कीस ४०, इसेन्स-सोडा-पावडर मिळून ३५, गॅस अंदाजे २०. एकूण ४५५ रुपये. बेकरीचे १,४००. म्हणजे ९४५ रुपये वाचले, असे मी बाबांना अभिमानाने सांगितले. बसलेल्या केकचा माल मी यात धरला नाही, ही लबाडी कबूल करतो. बाबांनी कागद पाहिला. तीस वर्षे दुसऱ्याच्या वह्या लिहिलेला माणूस. त्यांनी विचारले, "मजुरी कुठं आहे?"

मी संध्याकाळी एका कर सल्लागाराकडे नोंदी करायला जातो. तासाला साठ रुपये पडतात. केकवर माझे सहा तास गेले. ३६० रुपये. आणि आईने त्या दिवशी जे दोन ब्लाउज बाजूला सारले, ते अडीचशे रुपयांचे एकेक. ते काम तिने केले नाही, सशाचे केले. आपल्या पुस्तकात याला 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' म्हणतात. एक सोडून दुसरे करताना जे सोडले त्याची किंमत. ते पाचशे. ४५५, ३६० आणि ५०० मिळून १,३१५. बेकरीपेक्षा ८५ रुपये कमी. कुकरचा घसारा अजून धरलेलाच नाही.

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. घरचे म्हणजे स्वस्त असे आपण लहानपणापासून ऐकतो. घरचे लोणचे, घरची शिलाई, घरची शिकवणी. पण ते स्वस्त पडते, कारण त्या कागदावर एका माणसाची मजुरी शून्य लिहिलेली असते, आणि तो माणूस बहुतेक वेळा एकच असतो. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात एक उदाहरण दिले होते: एखाद्याने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न कमी होते. काम तेच, चूल तीच, फक्त पगार थांबतो. हे उदाहरण वर्गात ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. त्या उदाहरणाला आता शंभरहून अधिक वर्षे झाली, आणि घरात घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक-धुणे आजही राष्ट्रीय उत्पन्नात मोजत नाहीत.

म्हणून माझ्या अभ्यासू मित्राला माझे उत्तर असे: घरचा केक ही गरिबीची जाहिरात आहे असे तू म्हणतोस, आणि घरचा केक ही काटकसर आहे असे मी म्हणत होतो. आपण दोघांनी एकच चूक केली. तू आणि मी, दोघांनीही हाताची किंमत शून्य धरली. बेकरीवाला चौदाशे मागतो त्यात लूट नाही. त्याचा कारागीर आहे, गाळ्याचे भाडे आहे, रात्रंदिवस चालणारा फ्रिज आहे, न खपलेला माल आहे. तो प्रत्येक हाताचे पैसे लावतो, म्हणून त्याचा केक महाग दिसतो. आम्ही लावत नाही, म्हणून आमचा स्वस्त दिसतो.

मग घरी करावाच कशाला? ज्याच्याजवळ वेळ नाही त्याने करू नये. बेकरीतून आणावा आणि मनाला लावून घेऊ नये. घरी करणाऱ्या आया प्रेमळ आणि विकत आणणाऱ्या कोरड्या, असे जे मासिकांतून सुचवले जाते ते मला मान्य नाही. मी पुन्हा करीन, याचे कारण वेगळे आहे. केक कापताना सिंहवाल्या मैत्रिणीने विचारले, "कुठल्या बेकरीतला?" मी श्वास रोखून धरला. धाकटी म्हणाली, "दादानं केला. केस मी लावले. कान मोडला होता, तो आईनं चिकटवला." आणि मोडलेली जागा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवले. मग सगळ्या मुलांना मोडलेल्या कानाचाच तुकडा हवा झाला. तासापूर्वी जिला पाहुण्यांना परत पाठवायचे होते, तिने हा हिशेब माझ्यापेक्षा अचूक मांडला. मी मांडला तेव्हा आईला विसरलो होतो. ती विसरली नाही. (मेणबत्त्यांचे म्हणाल तर आजीने आधी निरांजनाने ओवाळले, मेणबत्ती नंतर, आणि ती विझवताना आजी पाणी आणायला आत गेली. सशाचे तोंड कापायला कुणी धजेना. शेवटी आजीनेच सुरी घेतली आणि "हा कुणाचं वाहन नाही" म्हणत मधोमध चालवली.)

आणखी एक गोष्ट मला टोचते. मुलगा असून केक केला, म्हणून दोन दिवस गल्लीत माझे कौतुक चालले होते. आत्याने तर फोनवर मला "अन्नपूर्णा" म्हटले. त्याच दिवशी बारा मुलांसाठी आईने बटाटेवडे आणि चिवडा केला होता, त्याबद्दल कुणी एक शब्द काढल्याचे मला आठवत नाही. मीही काढला नव्हता. मित्रांनी 'वहिनी' म्हणून केलेली थट्टा आणि आत्याने केलेले कौतुक यांत मला आता फारसा फरक दिसत नाही. हे काम मूळचे कुणाचे, याबद्दल दोघांचेही एकमत होते.

कॉस्टिंगच्या सरांना मी तो कागद नेऊन दाखवला. ते म्हणाले, "कागद बरोबर आहे. पण हे पाचशे रुपये तू आईला दिलेस का?" मी म्हणालो, नाही. "मग हा नुसता आरोपित खर्च झाला," असे म्हणून त्यांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि कागद परत दिला.

त्या दोन ब्लाउजांची गिऱ्हाइके मंगळवारी सकाळी येणार होती. सोमवारी रात्री साडेबारापर्यंत आईची मशीन चालू होती. मी आतल्या खोलीतून विचारले, "आई, अजून काय करालीस?" ती म्हणाली, "बाह्या राहिल्यात." मी उठलो आणि काजी-बटणे लावत बसलो. ते मला येते.